मोहोळाखालची बैठक

राखेच्या बुधवारी, आमच्या उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, सांगलीच्या चर्चमधून मिस्सा करून मी परत आले, तेव्हा दवाखान्याच्या पडवीला आग्या मोहोळ लागलेलं होतं. सकाळी निघताना तिथं नुसता स्लॅब होता. आता स्लॅबच्या कडेला सुपाएवढा काळा, हलता गोळा लोंबत होता.

हरणाबाई खराटा घेऊन अंगणात उभी होती. दवाखान्याची झाडलोट तिच्याकडे आहे आणि मतंही तिच्याचकडे आहेत.

"धूर करू का, शिस्टर?"

"नको. त्यांनी आपलं काही बिघडवलेलं नाही."

"अजून न्हाई," ती म्हणाली.

पाहुणे राहिले. पडवीत मोठ्यानं बोलायचं नाही, उदबत्ती लावायची नाही, दार आपटायचं नाही, असं ठरलं. मला त्याचं काही वाटलं नाही. कुंडलजवळच्या या वाडीत येऊन मला सहा वर्षं झाली आणि सहा वर्षं प्रत्येक पेशंट मला "जरा मोठ्यानं बोला" म्हणत आलाय. आता सगळी वाडी माझ्यासारखी बोलू लागली. गुडघेदुखीसुद्धा लोक गुपित सांगावं तशी सांगायचे.

पुढच्या सोमवारी लीलाबाई आल्या. रक्तदाब तपासायला म्हणून आल्या होत्या, पण पट्टा गुंडाळायच्या आधीच बोलायला लागल्या.

त्यांचे यजमान लालासाहेब, तोफखान्यातून निवृत्त झालेले सुभेदार. धाकटा दीर नानासो. दोघांच्या उसाच्या मधोमध एक बांध आणि बांधावर सासऱ्यांनी लावलेलं जांभळाचं झाड.

"नानाभावजी म्हणत्यात, सावलीनं ऊस मरतोय. बेस्तरवारी लाकूडतोड्या भाऊसोला करवत घेऊन बोलावलंय, झाड पाडायला. आन ह्यांनी काल कुऱ्हाडीला धार लावून आणली."

"तेही झाडच तोडणार?"

"ह्यास्नी झाड वाचवायचंय, शिस्टर. मग धार कशाला, ते तुमीच समजा."

मी पट्टा गुंडाळला. रक्तदाब वाढलेलाच होता.

"दोघं एकमेकांशी बोलतात का?"

"नऊ वर्सं न्हाई. वरडत्यात तेवढं."

त्या दिवशी जपमाळेला बसले तर मण्यांऐवजी कुऱ्हाडच डोळ्यांपुढं येत होती. प्रभूनं शांती करणाऱ्यांना धन्य म्हटलंय हे मला पाठ आहे. सुभेदाराला कुठं बसवायचं, ते मात्र सांगितलेलं नाही. मारुतीच्या देवळात लालासाहेबांची माणसं, सोसायटीच्या ऑफिसात नानासोची. दोघांनाही चालेल अशी जागा वाडीत एकच उरत होती, आमची पडवी. मोहोळाचा विचार माझ्या मनात आलाच नव्हता, असं मी म्हणणार नाही.

दोघांनाही निरोप धाडला. बुधवारी सकाळी दहाला लालासाहेब आले. मिशा पिळलेल्या. कुऱ्हाड नव्हती, एवढं मी आधी पाहिलं. लीलाबाई मागोमाग आल्या आणि आत खिडकीशी जाऊन बसल्या. सुभेदारांनी घसा खाकरला, तेवढ्यात मी बोट वर केलं. त्यांनी वर पाहिलं आणि खाकरणं अर्ध्यात गिळलं.

इतक्यात नानासो पायऱ्या चढून आला. "मी पयलंच सांगतो," त्यानं बांधावरच्या आवाजात सुरुवात केली. लालासाहेबांनी पुढं होऊन त्याचं मनगट पकडलं.

"गप. आग्या हाय वर."

नानासोनं आधी वर पाहिलं, मग मनगटाकडं पाहिलं. हात सोडवून घेतला, पण हळूच.

मी नियम सांगितला. पुण्याला एका शिबिरात शिकले होते तोच. एकानं आपलं म्हणणं मांडायचं. दुसऱ्यानं ते आधी आपल्या तोंडानं जसंच्या तसं म्हणून दाखवायचं, मगच उत्तर द्यायचं.

"म्हंजे ऑर्डर रिपीट," लालासाहेब कुजबुजले. "फौजेत हुतं आमच्यात."

नानासो म्हणाला, "सावलीनं माझा चार सरी ऊस बारीक ऱ्हातो."

"ह्याचा चार सरी ऊस बारीक ऱ्हातो. सावलीनं. आन आळसानं."

"आळस मी म्हटलं न्हाई."

"आळस काढा," मी म्हणाले.

"काढला. आता माझं. ह्या झाडाची जांभळं खाऊन हा नालायक वाढला आन त्याच झाडावर करवत घालतोय."

नानासो म्हणू लागला. "मी जांभळं खाऊन वाढलो. आन करवत घालतोय." तो थांबला. "नालायक पण म्हणू?"

"नको."

"न्हाई शिस्टर, त्यांनी म्हटलंय. नियम म्हंजे नियम. नालायक."

लालासाहेबांच्या मिशा हलल्या. हसले असं मी म्हणत नाही. पण शिवी कुजबुजत दिली की तिच्यात काही राम राहत नाही, हे दोघांच्याही ध्यानात येत होतं. नऊ वर्षं ते बांधावरून जे बोलत होते ते सगळं वाडीला ऐकवायला होतं. इथं ऐकायला फक्त मी, आत लीलाबाई, आणि वर त्या माश्या.

मग नवीनच अडचण आली. नानासो कुजबुजायचा आणि लालासाहेब दर वाक्याला "काय?" म्हणायचे. खुर्च्या जवळ ओढल्या. तरी "काय?" शेवटी त्यांनी मान वळवून डावा कान पुढं केला.

"इकडनं बोल. उजवा गेलाय. तोफंनं."

नानासो तसाच वाकलेला राहिला. "कवापास्नं?"

"रिटायर व्हायच्या आधीपास्नं. फक्त हिला ठावं हाय."

"नऊ वर्सांमागं माझ्या पोरीच्या लग्नाचं सांगायला मी तुमच्या मागनं आल्तो, दादा. कॅनॉलवर. तीन हाका मारल्या. तुमी मान वळवली न्हाई. मी म्हटलं, हितं आपली किंमत न्हाई."

"कंच्या बाजूनं मारल्या?"

नानासोनं डोळे मिटून आठवलं. "उजव्या."

मोहोळाचा घुमघुम तेवढा ऐकू येत होता. लालासाहेब पायांतल्या वहाणांकडे बघत बसले.

"लगीन झाल्यावर कळलं मला," ते म्हणाले. "मी म्हटलं, सख्ख्या भावानं बोलावलं न्हाई."

हे म्हणून दाखवायला नानासोला जमलं नाही. मीही नियमाची आठवण केली नाही.

झाडाचं मग पाव तासात मिटलं. मी एवढंच सांगितलं, की जांभूळ महिन्याभरात फुलेल, तेव्हा वरच्या बायका तिथंच कामाला जातील आणि झाड पाडलं तर त्या कुठं जातील ते मला माहीत नाही. ठरलं असं, की झाड राहील. नानासोच्या उसावर आलेल्या दोन फांद्या गुरुवारी उतरवायच्या. दोनच.

"आन हितनं म्होरं काय बी कराय मला इचारायचं," लालासाहेब म्हणाले.

"इचारतो. डाव्या कानात."

इथं मी देवाचे आभार मानले. जरा लवकरच मानले.

आमच्या भागात तडजोड झाली की नारळ फोडतात. नारळ फुटला नाही तर झालेली तडजोड कुणी धरत नाही. लीलाबाईंनी पिशवीतून नारळ आणला होता आणि आतापर्यंत शहाणपणानं लपवून ठेवला होता. त्यांनी तो खिडकीतून पुढं केला. "द्या वैनी," म्हणून नानासोनं घेतला, आणि माझा हात वर व्हायच्या आत पडवीच्या पायरीवर दाणकन आपटला.

नारळ एका फटक्यात फुटला.

वरचा गोळा सुटला. लालासाहेबांनी "लेट" अशी आडवं होण्याची फौजी ऑर्डर दिली, धाकट्या भावाला खाली पाडलं आणि स्वतः त्याच्यावर पालथे पडले. मी आतून दोन घोंगड्या आणल्या, त्यांच्यावर टाकल्या आणि दोघांना रांगतच खोलीत ओढून दार लावलं. हिशेब असा लागला: लालासाहेबांचे दोन्ही डोळे, नानासोचे दोन्ही ओठ, माझा एक कान. लीलाबाईंना एकही नाही. नखानं खरवडून काटे काढले, इंजेक्शनं दिली, श्वास नीट चाललाय ना ते तासभर बघत बसले. नीट होता. चेहरे मात्र ओळखू येत नव्हते.

सांगलीला न्यायची वेळ आली तर हाताशी असावी म्हणून हरणाबाई मागच्या दारानं जीप बघायला गेली. वाटेत ती फक्त एवढंच बोलली, की दोघांची तोंडं सुजल्यात आन शिस्टरच्या कानाला लागलंय. पुढचं वाडीनं लावून घेतलं. अर्ध्या तासात अंगणात दोन घोळके उभे, एकेका भावाचा एकेक, सगळ्यांच्या हातांत काठ्या.

मी खिडकीत गेले आणि बोट वर केलं. माश्या अजून खाली-वर करत होत्या. काठ्या आपोआप खाली आल्या.

लालासाहेब चाचपडत खिडकीशी आले. दिसत नव्हतं म्हणून त्यांनी नानासोच्या खांद्यावर हात टाकला होता.

"सुभेदार, पयला हात कुणी उचलला?" पुढच्या माणसानं कुजबुजत विचारलं.

"नानानं. नारळ फोडाय."

"मग आमी काठ्या आणल्यात त्या?"

"घरी न्या."

घोळक्यात थोडी चुळबूळ झाली. मागून कुणीतरी हळूच विचारलं, "म्हंजे मिटलं?" एवढ्या निराश आवाजात शांततेची चौकशी केलेली मी पहिल्यांदाच ऐकली.

गुरुवारी सकाळी मलम घेऊन मी बांधावर गेले. भाऊसो करवत कमरेला बांधून झाडावर चढला होता. खाली दोघं भाऊ. लालासाहेबांचे डोळे उघडत नव्हते, नानासोला बोलता येत नव्हतं. नानासो फांदी बघून भावाच्या हाताला कोपर लावायचा, वर ढकललं तर वरची, खाली ढकललं तर खालची, आणि लालासाहेब ऑर्डर द्यायचे.

"ती न्हाई. तिच्या वरची. बुंध्यापास्नं हातभर सोडून."

"सुभेदार, तुमाला दिसतंय का काय?" भाऊसोनं वरून विचारलं.

"मला कशाला दिसाय पायजे? नानाला दिसतंय."

पहिली फांदी उतरली. दुसरी उतरली. उसाच्या सरींवर ऊन पडलं. नानासोनं मान वर करून आणखी एक फांदी हेरली आणि परत कोपर लावलं.

"दोन ठरल्यात," लालासाहेब म्हणाले.

नानासोनं पुन्हा कोपर लावलं, या वेळी जरा लाडानं.

"दोन म्हंजे दोन, नाना. कोपर काढीन हातातनं."

नानासोनं वर बघितलं, उसाकडं बघितलं आणि भाऊसोला हातानंच खूण केली. भाऊसो करवत कमरेला बांधून खाली उतरला.