पायाचा दहावा

मनस्वीच्या पायाचा दहावा आम्ही रीतसर घातला होता. मनस्वी तेव्हा जिवंत होती आणि शेजारी खुर्चीवर बसून बघत होती. दहावा फक्त पायाचा. उजवा, गुडघ्याखालचा.

रामवाडीजवळ डंपरने तो नेला. हॉस्पिटलने उरलेली मनस्वी परत दिली आणि तिच्या बापाने, म्हणजे माझ्या गुणाजीकाकाने, हट्ट धरला म्हणून पायही दिला. काकाने तो मिठागराच्या बांधात पुरला. आमच्या हैबतरावआजोबांना ते अर्धवट वाटलं.

"दहावा घाल त्याचा. नायतर हिंडत बसंल."

एकटा पाय लंगडी घालत हिंडणार का, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

बांधावर भाताचा पिंड ठेवला. कावळा येईना. मग पायाची काय इच्छा राहिली असेल, यावर घरच्यांची चर्चा सुरू झाली.

"तिचं लगीन थाटात लावू रं," ठमाआत्या कावळ्याला म्हणाली. कावळा ढिम्म.

"पैंजण करू?" कोणीतरी म्हणालं. एकच करायचं की दोन, यावरून थोडा वाद झाला.

शेवटी काका पुढे आला. "दोन पाय होते तवा मी तिला खाडीत उतरू दिली नाय. बुडशील बोललो. आता तिला पोहायला शिकवीन."

कावळा आला आणि पिंड घेऊन गेला. मनस्वीची स्विमिंगमधली कारकीर्द अशी कावळ्यासमोर ठरली.

दर रविवारी कासूहून गाडी पकडून दोघं रोह्याला जायची. तिथे एका कंपनीच्या कॉलनीत तलाव होता. ती पाण्यात उतरली की काका काठावर तिचा जयपूर फूट टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेऊन बसायचा. एकदा एका बाईंनी कौतुकाने विचारलं, "किती महिन्यांचं आहे?" काकाने टॉवेल उघडून दाखवला. बाईंनी तलाव बदलला.

मनस्वी जिल्ह्यात आली, मग राज्यात. पदक मिळालं की काका आधी बांधावर जाऊन पायाला दाखवायचा, मग घरी आणायचा. पायाला पेढाही ठेवायचा. आम्हाला अर्धा.

पण पाण्यात एक पाय नसला की त्याचं काम खांद्यांवर येतं. तिचा डावा खांदा गेला. पनवेलचे डॉक्टर म्हणाले, "आता थांब. नाहीतर केस विंचरायलासुद्धा हात वर जाणार नाही." त्याच आठवड्यात नॅशनलला तिची निवड झाली आणि त्याच आठवड्यात काकाला हार्ट अ‍ॅटॅक आला. खांद्याचं तिने फक्त मला सांगितलं होतं.

"जाशील ना गो?" काकाने हॉस्पिटलच्या खाटेवरून विचारलं.

"व्हय बाबा."

दुसऱ्या दिवशी तो गेला.

काकाच्या दहाव्याला त्याच बांधावर पिंड ठेवला. कावळा येऊन समोरच्या खांबावर बसला, पण खाली उतरेना.

"शिव रे बाबा, शिव!" आत्या ओरडली.

"काय गो?" मागून शिवामामा म्हणाला. असं तीनदा झालं. एरवी मी आठवडाभर हसलो असतो.

"त्याचा जीव नॅशनलात हाय," आजोबा म्हणाले. "मनू, सांग त्याला, जाते म्हणून."

"बोल गो," आत्या म्हणाली. "एक शब्द तर बोलायचाय. किती टांगून ठेवशील बापाला?"

सगळे उन्हात उभे. भटजींनी घड्याळ बघितलं आणि पिशवीतून दर्भ काढून त्याचा कावळा वळायला घेतला. खरा येत नसेल तर तो चालतो.

मग मनस्वी पिंडाजवळ गेली.

"बाबा, माझा खांदा गेलाय. मी नाय पोहू शकत आता. हॉस्पिटलात तुला खोटं बोलले."

कावळ्याने मान वाकडी करून ऐकलं. मग उडाला, पिंडावरून गेला आणि बांधावर थोडा पुढे, जिथे तिचा पाय पुरला होता, तिथे जाऊन बसला.

"पायाला इचारायला गेला गो," आत्या हळूच म्हणाली. कोणी हसलं नाही. मीसुद्धा.

दर्भाचा कावळा पिंडाला शिवला. आंघोळी करून माणसं घराकडे निघाली. मनस्वी मात्र पायाच्या जागेशी जाऊन बसली. जयपूर फूट काढून तिने बाजूला ठेवला. खरा कावळा तोवर उडून गेला होता.

मी थोड्या वेळाने बोलवायला गेलो.

"चल. वडे गार होतील."

"त्याला कळलं असंल ना रं?"

"कळलं असेल."

"मग शिवला का नाय?"

मला अशा वेळी काहीतरी सुचतं. घरात माझी तेवढ्यासाठीच ओळख आहे. या वेळी मी फक्त जयपूर फूट उचलून तिच्यापुढे धरला.

तिने पाय चढवला, पट्टे आवळले आणि उठवायला म्हणून माझ्याकडे डावा हात केला. तो खांद्यापर्यंतही आला नाही. अर्ध्यावर थांबला.

मी खाली वाकलो.