जावईबुवांचं पुएब्ला

मेक्सिकोच्या उत्तरेकडच्या एर्मोसियो शहरात माझी पत होती ती एकाच गोष्टीवर. मी पुएब्लाचा होतो.

बाकी दाखवण्यासारखं माझ्याकडे काही नाही. सिमेंटच्या कारखान्यात वजनकाट्यावर बसून बसून मी निवृत्त झालो. घोड्यावर मला बसता येत नाही, गाडी मागे घेताना मी काहीतरी पाडतोच, आणि बायकोच्या माहेरच्या सगळ्या पुरुषांत मी एकटाच असा, ज्याला निखारे धड पेटवता येत नाहीत. उत्तरेत हे शेवटचं फार मोठं व्यंग समजतात. दर रविवारी मेहुण्याच्या अंगणात सगळं घराणं जमतं, लाकडं पेटतात, मांस भाजलं जातं, आणि मी सावलीत खुर्ची टाकून नावं ठेवतो.

"मांस, मीठ आणि जाळ," मी म्हणायचो. "गुहेतली माणसंसुद्धा एवढं करायची. आमच्या पुएब्लात मोलेच्या एका रश्शाला वीस जिन्नस लागतात. मिरच्याच चार तऱ्हेच्या. तीळ, बदाम, मनुका, दालचिनी, चॉकलेट. बायका दोन दिवस वाटत बसतात. त्याला म्हणतात स्वयंपाक."

"आणि खायला किती वेळ लागतो हो, दाजी?" चिमट्याने मांस उलटत कूको विचारायचा. कूको म्हणजे माझा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. "कारण इथं तुमची तिसरी ताटली चाललीय."

"भुकेला काय करणार? आणि ही तुमची पोळी, ही तॉर्तिया! आमच्याकडे मक्याची असते, तळहाताएवढी. ही तुमची गव्हाची, हिने टेबल पुसता येईल."

सगळे हसायचे. मी टेबल पुसण्याच्या लायकीची आणखी एक तॉर्तिया घ्यायचो. त्या घरात सगळ्यांची कामं ठरलेली होती. कूको मांस भाजायचा, त्याची बायको चायो राजमा शिजवायची आणि मी पुएब्लाचा असायचो.

एका रविवारी कूकोने चिमटा खाली ठेवला आणि म्हणाला, "चला तर मग."

"कुठे?"

"पुएब्लाला. सप्टेंबरात. अक्रोडाच्या पांढऱ्या रश्शातली ती भरली मिरची तेव्हाच मिळते ना? दर वर्षी तुम्हीच सांगता. तुम्ही दोघं, आम्ही दोघं, तीन दिवस. चायोने विमानाचं बघितलंय. कुठे जायचं, काय खायचं ते तुम्ही ठरवा. तुमचं गाव आहे."

 विशीत मी ते गाव सोडलं होतं. मला ठाऊक होतं ते काय, तर आमची गल्ली, शाळा, आणि ज्या चर्चमध्ये मेणबत्ती धरून उभा असताना मी चक्कर येऊन पडलो ते चर्च. खानावळीत जेवायची आमची ऐपतच नव्हती. मी जे जे पुएब्लाचं म्हणून मिरवत होतो ते सगळं आईच्या एका चुलीवरचं होतं. आई गेली, घर गेलं, त्यानंतर मी तिकडे फिरकलोसुद्धा नाही. रविवारची माझी सगळी भाषणं म्हणजे बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात.

"मला तिथलं आता फारसं माहीत नाही" असं एक वाक्य बोलून मोकळं होता आलं असतं. पण आमच्या देशात ते वाक्य कोणी बोलत नाही. अनोळखी शहरात रस्ता विचारा, ज्याला माहीत नाही तोही हात उंचावून तुम्हाला डावीकडे पाठवतो, कारण रिकाम्या हाताने पाठवणं बरं दिसत नाही. मीही हात उंचावला.

"तुम्ही फक्त भूक घेऊन या," मी म्हणालो.

मग महिनाभर मी बेत आखला. मोठा कागद फ्रिजवर चिकटवला. जे आठवत नव्हतं ते फोनवर शोधलं, जे सापडलं ते लहानपणीचंच आहे असं स्वतःला पटवलं. माझी बायको एदेल्मीरा एके सकाळी चष्मा लावून त्या कागदासमोर उभी राहिली.

"आधी दोन चर्च, मग नाश्ता, मग आणखी एक चर्च. अहो, आपण जेवायला चाललोय की कोणाच्या अंत्यविधीला?"

"संस्कृती आहे ती."

"आणि सोमवारी तिन्ही संग्रहालयं? सोमवारी ती बंद असतात. सगळ्या देशात."

"पुएब्लात नसतात," मी ठणकावून सांगितलं, आणि ती आंघोळीला गेल्यावर तिन्ही संग्रहालयं रविवारी सरकवली. त्यामुळे रविवारी जेवायला वेळच उरला नाही.

एक अट मात्र मी कूकोला बजावून सांगितली. बर्फाची पेटी आणायची नाही. उत्तरेचा माणूस राज्याची हद्द ओलांडताना मांस, चीज आणि गव्हाच्या तॉर्तियांची चळत भरलेली पेटी घेतल्याशिवाय निघत नाही. कूकोने ती मधुचंद्रालाही नेली होती.

"थोड्याशा तॉर्तिया तरी, दाजी? पोटाला सवय नाही. मक्याचं जड जातं मला."

"एकही नाही. पुएब्लात गव्हाची तॉर्तिया उघडलीस तर मी तुला ओळख दाखवणार नाही."

तो मान खाली घालून "बरं" म्हणाला. अंगाने बैलासारखा माणूस, पण मला खरंच भीत होता. मला फार बरं वाटलं, हे कबूल करतो.

पुएब्लाला पोचलो आणि पहिल्या तासाभरात मी आम्हाला हरवलं. तिथल्या रस्त्यांना नुसते आकडे आहेत, सम एकीकडे आणि विषम दुसरीकडे, तिथल्या शेंबड्या पोरालाही ते कळतं. मी "हे बघा, इथूनच शाळेला जायचो" म्हणत तिघांना एका टायरच्या गोदामापर्यंत घेऊन गेलो. चायोने गोदामाच्या छपरामागे दिसणाऱ्या ज्वालामुखीचा फोटो काढला आणि सुंदर आहे म्हणाली. ती स्वभावाने चांगली आहे.

मग आम्ही जेवायला बसलो. निळ्या फरशांच्या भिंती, पांढरे टेबलक्लॉथ, आणि समोर मोले. काळपट, दाट, वर तीळ. मी पहिला घास घेतला.

तो गोड लागला. गोड, तेलकट आणि चिकट. गिळताना घशाशी थांबला.

"कसं आहे?" तिघं माझ्याकडे बघत होते. निकाल मी द्यायचा होता.

"ठीक आहे," मी म्हणालो. "ही पर्यटकांची जागा. खरा मोले उद्या."

 कूको बशी पुसत होता, मक्याच्या तॉर्तियाने, चौथ्या की पाचव्या. मग त्याने वाढणाऱ्या मुलीला विचारलं की मिरच्या तेलात परततात की तव्यावर भाजतात, आणि तिने सांगितलेलं तो डोळे मिटून ऐकत राहिला.

दुसऱ्या दिवशी अक्रोडाच्या रश्शातली मिरची. तिच्यात मांसाबरोबर नासपती, पीच, मनुका, वर डाळिंबाचे दाणे. माझ्या तोंडात लग्नातलं फ्रूट सॅलड आणि खिमा एकत्र आले. मी म्हणालो, अक्रोड जुने आहेत. संध्याकाळी दुसऱ्या जागी म्हणालो, पाणी बदललंय. नाचता येईना, अंगण वाकडं. तिकडे कूकोला दोन्ही जागी वाढपी नावाने ओळखू लागले होते. आणि मी रात्रंदिवस भुकेला होतो, पोटात आग पडली होती, आणि मला सारखी एकच गोष्ट डोळ्यांसमोर दिसत होती. भाजलेलं मांस, मीठ, आणि टेबल पुसता येईल अशी तॉर्तिया.

शेवटच्या दिवशी मी त्यांना बाजारात नेलं. इथे तरी खरं मिळेल, असं मी बजावलं होतं. ओट्यामागे माझ्याच वयाची एक बाई मोलेच्या मोठ्या मातीच्या भांड्याशी उभी होती. तिने झाकण उचललं आणि वास आला, आणि मी जागीच थांबलो. तो आमच्या घरातला वास होता. आई जिवंत असती तर तिच्या एप्रनलाही तोच आला असता.

मी घास घेतला. चव तंतोतंत तीच होती. एका तिळाचाही फरक नव्हता. आणि तो मला गिळता येईना.

तेव्हा मला कळलं की तीन दिवस सगळ्या खानावळींचं बरोबर होतं. अक्रोड ताजे होते, पाणी तेच होतं. बदलली होती ती माझी जीभ, आणि ती कधी बदलली ते मला कोणी सांगितलंही नव्हतं. मला रडू यायच्या बेतात होतं, म्हणून मी घाईघाईने पाणी मागितलं.

पाण्याचा पेला ठेवत बाईने विचारलं, "तुम्ही उत्तरेकडचे ना? कुठले?"

 एदेल्मीरा टेबलाकडे बघू लागली.

"उत्तरेकडचे आम्ही, बाई," कूको म्हणाला. "हे इथलेच. इथेच जन्मले."

"हो का? बोलण्यावरून नाही वाटलं हो," ती म्हणाली, आणि माझ्या भरलेल्या ताटाकडे बघून पुढे म्हणाली, "जेवण्यावरूनही नाही."

हॉटेलवर परत आल्यावर बायका मातीची भांडी घ्यायला बाहेर पडल्या. मी गच्चीवर जाऊन बसलो. समोर चर्चचे घुमट होते आणि मला त्यांतल्या एकाचंही नाव सांगता आलं नसतं. थोड्या वेळाने कूको वर आला. त्याच्या हातात त्याच्याच एका शर्टाची गुंडाळी होती. त्याने ती माझ्या मांडीवर ठेवली.

आत गव्हाच्या तॉर्तिया होत्या. घडी करून ठेवलेल्या, एर्मोसियोच्या, कडा जरा वाळलेल्या. सोबत सुक्या मांसाची पुडी.

"तुम्ही बंदी घातली होती," तो म्हणाला. "पण मला इथलं खाता येईल याची खात्री नव्हती. म्हणून लपवून आणल्या. आता माझ्या काय उपयोगाच्या? टाकायच्या तर पाप लागेल."

"कूको, अरे..."

"खा हो, दाजी. इथे कोण बघतंय?"

तो माझ्याकडे पाठ करून कठड्याशी उभा राहिला आणि ज्वालामुखीबद्दल बोलत राहिला, मी सगळ्या संपवेपर्यंत.

पुढच्या रविवारी अंगण गच्च भरलं होतं. सगळ्यांना पुएब्ला ऐकायचं होतं. चायोच्या बहिणीने कूकोला गाठलं. "काय रे, एवढं बोलतात ते खरं आहे का? कसं होतं तिकडचं?"

 कूकोने चिमट्याने एक तुकडा उलटला.

"मला काय विचारतेस? दाजींना विचार," तो म्हणाला. "त्यांचं गाव आहे."

सगळ्या खुर्च्या माझ्याकडे वळल्या. मी कूकोकडे बघितलं. तो निखाऱ्यांकडे बघत होता, पण त्याचे कान माझ्याकडे होते. तो वाट बघत होता. सगळेच वाट बघत होते.

"मांस, मीठ," मी सुरुवात केली आणि थांबलो.

"आणि जाळ," कूको हळूच म्हणाला.

"आणि जाळ. गुहेतली माणसंसुद्धा एवढं करायची."

अंगणभर हशा उठला. कूकोने न विचारता माझ्या ताटात एक गव्हाची तॉर्तिया टाकली, आणि तिला नावं ठेवत ठेवत मी ती सगळ्यांदेखत खाल्ली.