त्सुने आजीच्या कुंपणापाशी

त्सुने आजीच्या कुंपणापाशी आलं की फवारणीचं ड्रोन हवेतच थबकायचं आणि मुकाट्यानं माघारी फिरायचं. आज तिसऱ्यांदा तसंच झालं.

"फुसाए, तुझं लेकरू आजीला भितं बघ," इवाओ वॉकीटॉकीवर म्हणाला. पलीकडच्या बांधावर उभं राहून अंतर सांगायचं काम त्याचं.

"तुम्ही काय कमी भिता, इवाओदादा? परवा तिच्या मुळ्याच्या वाफ्यातून गाडी घातलीत, तेव्हा तोंडातून शब्द फुटत नव्हता."

फुसाएनं ड्रोन खाली उतरवलं. नवरा गेल्यापासून गावाची फवारणी तीच करायची. दोघांनी समोरासमोर उभं राहायचं आणि वारा उठायच्या आत काम उरकायचं, हा नेम तिनं कधी मोडला नव्हता. भाताला लोंब्या आल्या होत्या. लोंब्यांतला रस शोषणारा ढेकण्या किडा आज आवरला नाही, तर दाण्यादाण्यावर काळा डाग पडणार होता.

आजीच्या वळचणीला गेल्या महिन्यात एक पांढरी डबी बसवली होती. घरातलं वायफाय तिथून शेतभर पसरायचं, आणि फुसाएच्या हातातल्या रिमोटचं सांगणं त्या गलबल्यात ड्रोनपर्यंत पोचायचंच नाही.

ती अंगणात गेली. आजी नुकतीच आजोबांच्या तसबिरीपुढे वाफाळता भात ठेवून, घंटी वाजवून उठली होती.

"आजी, वायफाय घटकाभर बंद ठेवता का? तेवढ्यात शेत आटपते."

"नको गं बाई. माझी लेक मिहोको नागोयाहून रोज सकाळी मला कॅमेऱ्यात बघते. दिसले नाही तर पोरीचा जीव खालीवर होईल. लगेच फोन करीन म्हणालीये."

"मग सांगा, फुसाएनं बंद करायला लावलं. बोलणी मला बसू देत."

"तुला कशाला बसतील? मलाच बसतील." आजी कौतुकानं हसली. तिनं फोन जवळ ओढून घेतला आणि मगच प्लग काढला.

ड्रोन कुंपणापर्यंत सरळ गेलं, वळलं, परत आलं. इवाओ अंतर सांगत होता. फुसाएचा एक कान मात्र घराकडे होता.

शेत झालं, फोन वाजला नाही.

ती ओसरीवर टेकली. आजीनं तिला बार्लीचा गार चहा दिला. फोन उचलून कानाला लावला, चालू होता. हलकेच परत ठेवला.

"तू तिला आधीच कळवलं असशील," आजी म्हणाली.

फुसाएकडे मिहोकोचा नंबरसुद्धा नव्हता. तिनं पेला खाली ठेवला.

"हो. काल संध्याकाळीच."

"तरीच." आजीनं मान डोलावली. "सगळं आठवणीनं करतेस बाई तू."

"आता लावू का परत?"

"राहू दे. ओढ्यापलीकडचा तुकडा राहिलाय ना? तोही घ्या उरकून. माझ्या घराची अडचण नको."

"पण मिहोको..."

"तिला सांगितलंयस ना तू."

फुसाए बांधावर परतली. पलीकडून इवाओनं हात वर केला. आजी आसन घेऊन ओसरीच्या कडेला येऊन बसली होती. ओढ्यापलीकडे ड्रोनखाली लोंब्या वाकल्या आणि पुन्हा सरळ झाल्या. या खेपेला ते कुठंच थबकलं नाही. आजी मात्र डोळ्यांवर हाताची सावली धरून, ते पार टोकाला ठिपक्याएवढं होईपर्यंत बघत राहिली.