वाळूत आखलेली वाडी

मित्रांनो, मी जमीन मोजायची साखळी. जुनी, लोखंडी कड्यांची, तेहतीस फूट लांब. माझ्या लांबीएवढा चौकोन आखला की एक गुंठा भरतो.

वसईच्या वाड्यांमधून ग्रेसीच्या पपांनी मला फिरवलं. लोक म्हणत, "पपांची साखळी खोटं बोलत नाही." मग फिती आल्या, यंत्रं आली. मी खुंटीला लागले. पपा गेल्यावर ग्रेसीने मला बॅगेत भरलं. विमानतळावर शिपायाने विचारलं, "साखळी कशाला मॅडम? तिकडे कुत्रा पाळलाय?"

आता मी बहारीनला, जनाबिया गावातल्या घरात, कुंड्यांमागे असते. ग्रेसी इस्पितळात नर्स आहे, तिचा धाकटा भाऊ सॅव्हिओ समुद्रकाठच्या झल्लाक गावी हॉटेलात.

पपांची पाच गुंठ्यांची वाडी दोघांच्या नावे झाली. पण नियमाने एवढ्या लहान जमिनीचे दोन तुकडे होत नाहीत. सॅव्हिओ बहिणीला म्हणाला, "मग विकूया, बाय. खलास." ग्रेसी जेवलीच नाही.

शुक्रवारी तिने मला झल्लाकच्या किनाऱ्यावर नेलं. "आधी बघ तरी, काय विकतोस ते."

किती वर्षांनी मी ताणली गेले! एक टोक बहिणीच्या हातात, एक भावाच्या. वाळूत वाडी उमटली. इथे केळी, इथे नारळ, इथे पानवेल. विहिरीच्या जागी ग्रेसीची टिना उभी राहिली.

"ममा, आय ॲम द वेल?"

"हलू नकोस, पाणी सांडेल," मामा म्हणाला.

मग वाडीचे दोन भाग दाखवायला त्याने मला तिच्या मधोमध धरलं. मी टिनाच्या पोटावरूनच गेले. सॅव्हिओने मला सैल सोडलं.

"नियम नसता तरी विहीर कशी कापली असती रे?" ग्रेसी म्हणाली. "राहू दे वाडी एकत्र."

"मग त्यातलं माझं कुठलं?"

"सगळंच. माझंही सगळंच."

त्याने माझं टोक खाली ठेवलं. "आणि नारळ कोण उतरवणार?"

"तू. डिसेंबरात लीव्ह टाक."

"टाकतो," तो म्हणाला.

मित्रांनो, जमीन वाटायला बसाल तेव्हा आधी तिच्यावरून सगळे मिळून एकदा चाला. माझं म्हणाल, तर इथली वाळू झटकली की गळून पडते. वाडीची माती कड्यांत रुतून बसायची, पपा काडीने हळूहळू काढायचे. डिसेंबरात मलाही कुणी बॅगेत घालाल का?