आधी वीज तोडायची

आमच्या मेहुण्यांकडे माणसांची चारच नावं उरली होती, आणि तीही एका जपानी डब्यापुढे बसल्याशिवाय त्यांच्या तोंडून निघत नव्हती. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे मी काय करून बसलो ते नीट कळेल.

मेहुणे म्हणजे बायकोचे थोरले भाऊ. ती त्यांना दादा म्हणते, म्हणून मीही दादाच म्हणतो. बावीस वर्षं बोटीवर इंजिनखात्यात होते. लग्नाच्या भानगडीत पडले नाहीत. एकदा त्यांची बोट दुरुस्तीसाठी एका जपानी बंदरात पाच महिने अडकून पडली. वेळ जाता जाईना, म्हणून त्यांनी तिथे कुणीतरी वापरून टाकलेला एक व्हिडिओ गेम घेतला. सोबत एकच कॅसेट होती. तिच्यात चार माणसं तलवारी घेऊन गावोगाव हिंडतात, राक्षसांना झोडपतात आणि रात्री कुठल्यातरी धर्मशाळेत झोपतात. सगळं जपानीत. दादांनी कुणाकडे शिकवणी लावली नाही. कुठली ओळ दाबली की काय होतं, हे चुकत चुकत पाठ केलं. पुढे ज्या ज्या बोटीवर ते गेले, तिथे तो डबाही त्यांच्याबरोबर गेला.

गेल्या वर्षी त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात, उजवा पाय आणि बोलणं, तिन्ही एका सकाळी गेली. उरलं ते 'हं' आणि 'नको'. आपण बोललेलं छोटं वाक्य त्यांना कळायचं, लांबलं की मध्येच कुठेतरी हरवायचे. दवाखान्यातून ते थेट आमच्याकडे आले. बायको रोज त्यांच्यासमोर बसून विचारायची, "दादा, मी कोण?" ते तिचा हात घट्ट धरायचे, ओठ जुळवायचे, कपाळावर घाम यायचा, पण नाव काही यायचं नाही. मग ती स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभी राहायची. नळ कशासाठी सोडलाय हे मला कळत नव्हतं असं नाही. पण मी काय करणार होतो? मी लिफ्ट दुरुस्त करतो, माणसं नाही.

त्यांच्या ट्रंकेत तो डबा सापडला तेव्हा मात्र मला हुरूप आला. हे काम माझ्या हातातलं होतं. पिना चपट्या, आमच्या भिंतीत बसेनात. बसल्या असत्या तरी लावू दिल्या नसत्या, कारण जपानात घरातली वीज शंभर व्होल्टची आणि आमची दोनशे तीसची. थेट लावला असता तर धूरच निघाला असता. मी एक ट्रान्सफॉर्मर आणला, विटेएवढा आणि विटेपेक्षा जड, आणि मीटर लावून दोनदा खात्री केली. मग टीव्हीने छळलं. आमच्या नव्या सपाट टीव्हीला त्या वायरींची भोकंच नव्हती. शेजारच्या मास्तरांनी माळ्यावरचा पोटाळा टीव्ही काढून दिला, तर त्यावर चित्र काळंपांढरं येऊन वरखाली पळायला लागलं. जपानी चित्राची तऱ्हा वेगळी असते म्हणे. तिसरा टीव्ही दोन्ही तऱ्हा जाणणारा निघाला. एका हाताने खेळता यावं म्हणून मी रिमोट लाकडी फळीवर आवळून टेबलाला पक्का केला. बायको म्हणाली, "अहो, लिफ्ट बसवताय का घरात?" पण हसली. बऱ्याच दिवसांनी हसली.

दादांना खुर्चीत बसवलं आणि बटण दाबलं. त्यांचा डावा हात असा काही चालायला लागला की मी बघतच राहिलो. ज्या माणसाला चमचा कुठला आणि कंगवा कुठला हे सुचत नव्हतं, तो जपानी याद्यांतून भराभर वरखाली जात होता. एका जागी ते थांबले. चौकटीत चार छोटी माणसं जागच्या जागी पाय हलवत उभी होती आणि शेजारी चार नावं. आम्हाला ती अक्षरं म्हणजे नुसती काड्याकाटक्या. दादांनी पहिल्यावर बोट ठेवलं.

"सोट्या," ते म्हणाले.

हे त्यांचं लहानपणचं नाव. त्या खेळात माणसांना नावं आपणच द्यायची असतात, हे मला तेव्हा कळलं. मग दुसऱ्यावर बोट ठेवून "बाबा". तिसऱ्यावर "आई". चौथी, हातात काठी घेतलेली, सगळ्यांत बुटकी.

"चिमी."

बायको ओल्या हातांनी दारात उभी होती, ती तिथेच खाली बसली. तिला चिमी म्हणणारं आता दुसरं कुणी उरलेलं नाही. आईबाबा जाऊन किती वर्षं झाली. मी तर लग्नात पहिल्यांदा ते नाव ऐकलं आणि चेष्टा केली म्हणून दोन दिवस अबोला सोसला होता.

बोलणं शिकवायला एक बाई दर मंगळवारी यायच्या. त्यांनी हे बघितलं आणि खुर्ची ओढून पुढे बसल्या. "हा धागा आहे," म्हणाल्या, "तुटू देऊ नका. रोज ती चौकट उघडायची आणि चारही नावं म्हणवून घ्यायची. हळूहळू ती चौकटीबाहेर येतील. घाई करायची नाही." त्यांच्या सांगण्यावरून मी चौकटीचा फोटोही काढला. पण फोटोकडे दादा नुसते बघत बसायचे, बोलायचे नाहीत. त्यांना ती पाय हलवणारी माणसंच लागायची.

दोन महिने हे रोज चाललं. आणि एकदा जेवताना, टीव्ही बंद असताना, बायको पाणी वाढायला वाकली तेव्हा दादा म्हणाले, "चि." पुढचं आलं नाही. पण तेवढ्यावर बायकोने सगळ्या नात्यात फोन केले. एका अक्षरासाठी!

आता माझ्याकडे येतो.

एका गुरुवारी पडद्यावर रेघा आल्या. कॅसेटचे दात, म्हणजे डब्यात जाणाऱ्या तिच्या पट्ट्या, मळले असणार हे मी ओळखलं. तिचे स्क्रू विचित्र डोक्याचे, कुठलाच पाना लागेना. मी एका बॉलपेनची मागची बाजू मेणबत्तीवर मऊ केली, स्क्रूवर दाबून गार होऊ दिली, की झाला पाना. स्वतःवर असा खूश झालो की काय सांगू. दात पुसले, चित्र स्वच्छ आलं. पण उघडली तेव्हा आत मला एक सेल दिसला, मनगटी घड्याळात असतो तसा चपटा, दोन पत्र्यांनी डाख देऊन बसवलेला. मीटर लावला. तीन व्होल्ट हवेत तिथे दोन पूर्णांक सहा. तीस वर्षांचा सेल! म्हणजे दादांचा सगळा खेळ, ती चारही माणसं, या मरायला टेकलेल्या सेलवर जगत होती. मी कुणाला काही बोललो नाही. उगाच घोर कशाला लावायचा? म्हटलं, आपण गुपचूप नवा बसवू.

आमच्या धंद्यात एक नियम आहे. मला काम शिकवणाऱ्या मिस्त्रींनी तो मुस्कटात मारून शिकवला, कारण पहिल्याच आठवड्यात मी चालू पॅनेलमध्ये हात घालायला निघालो होतो. आधी वीज तोडायची, मग हात घालायचा. सव्वीस वर्षं झाली, माझी दहाही बोटं शाबूत आहेत ती त्या थपडेमुळे. लिफ्टच्या पॅनेलमध्येही असाच सेल असतो. तो बदलताना आम्ही मेन बंद करतो, कारण आत एक कपॅसिटर असतो आणि तो अर्धा तास सगळं सांभाळून धरतो. शेकडो वेळा केलंय मी हे. झोपेतही करीन.

शनिवारी सकाळी बायको दादांना व्यायामाला घेऊन गेली. मी टेबलावर पांढरं फडकं अंथरलं. डब्याची पिन काढली, ट्रान्सफॉर्मर बंद केला, कॅसेट काढून उघडली. जुना सेल उतरवला, नवा चढवला. चार मिनिटं लागली. डाख असा सुबक बसला की मिस्त्री असते तर पाठ थोपटली असती.

मग कॅसेट लावली आणि बटण दाबलं. जिथे दादांचा खेळ असायचा तिथे तीन रिकाम्या ओळी होत्या.

मी बंद करून परत लावलं. कॅसेट काढून फुंकली. जुना सेल परत डाखला, लहान मुलासारखा, जणू त्याच्या पोटात ते अजून असेल. बोट भाजलं, तेही नंतर कळलं. बाजारात असले खेळ दुरुस्त करणारा एक ओळखीचा आहे, त्याला फोन लावला.

"काका, कॅसेट डब्यात लावून, वीज चालू ठेवून बदलायचा असतो तो," तो म्हणाला.

"चालू ठेवून? चालू असताना हात घालायचा?"

"पाच व्होल्ट असतात हो. काय होतंय?"

"परत आणता येईल का?"

"कुठून आणणार? ते कुठे लिहिलेलं नसतं. वीज आहे तोवरच असतं."

मी फोन ठेवला. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा मला त्या थपडेचा राग आला. मग वाटलं, मिस्त्रींना कशाला दोष द्या, मला कुणी सांगितलं होतं नाक खुपसायला? सेल आणखी वर्षभरही टिकला असता. आणि वर्षभरात चिमी चौकटीबाहेर आली असती.

हात बांधून बसवेना. फोनमधला फोटो होताच. म्हटलं, नवा खेळ सुरू करून हीच नावं घालू, दादांना पत्ताही लागणार नाही. अर्धा तास काड्याकाटक्या जुळवून मी 'सोट्या' लिहिलं. आणि पडद्यावर एकटा सोट्या एका रिकाम्या माळावर उभा राहिला. बाकीचे तिघे कुठे? परत त्या दुरुस्तीवाल्याला विचारलं. ते म्हणे पुढे भेटतात, एकेक करून. शेवटची यायला नवख्याला दोन महिने सहज लागतील. तरी मी निघालो. जेलीसारख्या एका गोळ्याने मला दहा मिनिटांत तीनदा ठार मारलं.

खाली टॅक्सीचं दार वाजलं तेव्हा मी डबा बंद केला आणि फडकं घडी करून ठेवलं. घडी कशाला करत होतो कुणास ठाऊक.

बायकोने माझा चेहरा बघितला. "काय झालं हो?"

"सेल बदलला," मी म्हणालो, "कॅसेटमधला."

"मग?"

तेवढ्यात दादा काठी टेकत थेट आपल्या खुर्चीकडे गेले होते. व्यायामाने दमले होते, पण खुशीत होते. डाव्या हाताने त्यांनी बटण दाबलं आणि हात सवयीने रिमोटवर ठेवला. वर, खाली, परत वर. रोजची ओळ सापडेना. एक माळ आणि त्यावर तो एकटा. त्यांनी बंद करून पुन्हा लावलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मात्र त्यांनी हात मांडीवर घेतला.

ते बहिणीकडे वळले. "च," म्हणाले. ओठ तसेच राहिले. पडद्याकडे बघितलं, मदतीला कुणी आहे का म्हणून. परत तिच्याकडे. "च... च..." आणि मग त्यांनी बोटाने स्वतःच्या कपाळावर टकटक केलं आणि नाही नाही अशी मान हलवली.

मला आधी कळलंच नाही. यंत्र बिघडलंय असं त्यांच्या मनातही आलं नव्हतं. झटक्याने बाकीचं सगळं डोक्यातून गेलं होतंच, आज ही चौघंही गेली, असं ते सांगत होते.

"दादा, नाही, नाही," मी पुढे झालो. "तुमचं काही चुकलं नाही. तो आत सेल होता ना, तो मी काढला, आणि वीज बंद होती म्हणून—"

ते हरवले. मी वाक्य तोडलं. छातीवर बोट ठेवलं.

"मी केलं. माझी चूक."

हे त्यांना कळलं. माझ्याकडे बघून ते हसले, आणि माझा खांदा थोपटला. घरात लहान मुलाच्या हातून काही फुटलं की मोठं माणूस उगाच आळ आपल्या अंगावर घेतं, तसं मी करतोय असं त्यांना वाटलं. भला माणूस आहे, असं काहीतरी त्या डोळ्यांत होतं. त्यापेक्षा त्यांनी एक लगावली असती तर बरं झालं असतं.

मग त्यांनी डाव्या हाताने आपला उजवा हात उचलला, लुळा, मनगटाशी धरून. तो छातीशी आणला, त्याची बोटं एकेक करून सरळ केली, डावा तळवा त्याला लावला आणि धाकट्या बहिणीसमोर मान झुकवली.

"दादा, नको ना," बायको म्हणाली. तिने ते हात धरून खाली घेतले. माझ्याकडे तिने बघितलंसुद्धा नाही.

मी गुडघ्यांवर बसून पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगितलं. दरवेळी ते माझ्याकडे बघून मान हलवत, हं म्हणत, आणि तिच्याकडे वळून तो उजवा हात पुन्हा उचलायला लागत.