लायलची लाडकी फुंकणी

मित्रांनो, मी एक जुना निळा पिकअप आहे आणि खरं सांगतो, सध्या माझा नुसता जळफळाट होतो आहे.

एकोणीस वर्षं मी लायलचं ओझं वाहिलं. गुरांचा चारा, सरपण, एकदा तर त्याच्या बायकोचा, मार्नीचा पियानोसुद्धा. विस्कॉन्सिनच्या कडाक्याच्या थंडीतही मी पहिल्याच किल्लीला सुरू व्हायचो. लायल स्टीअरिंगवर थाप मारून म्हणायचा, "शाब्बास रे गड्या!"

मग दारू पिऊन मला चालवल्याबद्दल त्याचा परवाना गेला. मी कोठारात धूळ खात पडलो. दोन महिन्यांनी त्याला मर्यादित परवान्याचा कागद मिळाला. सकाळी पाच ते संध्याकाळी पाच, घर ते चीजचा कारखाना, वाटेत कुठे थांबायचं नाही. मी खूश झालो, पण कागदाबरोबर ती आली.

ती म्हणजे माझ्या स्टीअरिंगजवळ बसवलेली एक काळी नळी. मी तिला फुंकणी म्हणतो. लायलने तिच्यात फुंकायचं आणि श्वासात दारू सापडली नाही, तरच मी सुरू व्हायचं! काल आलेली ही पोर, पण लायल तिला रोज मऊ फडक्याने पुसतो. माझ्या काचा मात्र चिखलाने बरबटलेल्याच.

एका सोमवारी सकाळी फुंकणीने चक्क नकार दिला. आता त्याची नोंद परवान्याच्या कचेरीत जाणार होती. कागद गेला की नोकरीही गेलीच. मार्नी अंगणात आली.

"काल तळ्यावर मासे धरत होतास की बाटल्या?"

"दोनच घेतल्या गं."

"दोनच? मग त्या नळीचं तुझ्याशी वैर आहे वाटतं!"

लायल चिडला. स्टीअरिंगवर थाप मारून म्हणाला, "या नळीपेक्षा हा म्हातारा बरा. कधी कुरकुर केली नाही."

किती दिवसांनी ती थाप! मी हरखून गेलो.

"नाहीच केली," मार्नी म्हणाली. "तू झिंगून आत बसलास तेव्हाही नाही. मुकाट निघाला आणि शाळेच्या बसथांब्याचं छप्पर पाडलं. पाच मिनिटं आधी केर्स्टिन तिथंच उतरली होती, लायल. आपली लेक."

लायल खाली उतरला. कारखान्यात त्याने स्वतः फोन केला आणि खरं ते सांगितलं.

मित्रांनो, तुम्हाला कुणी अडवलं तर त्याच्यावर एकदम रागावू नका. फुंकणीचा मला अजून हेवा वाटतो, पूर्वीपेक्षा जास्तच. तिने लायलला महिन्याभरात 'नाही' म्हटलं. मला एकोणीस वर्षांत ते एकदाही जमलं नाही.