मामाला 'अंकल' म्हणणारा संगणक

मित्रांनो, मी दवाखान्यातला एक जुना संगणक. कॉलेज रोडवरच्या एका दुकानात माझे सुटे भाग जोडले आणि १९९७च्या दसऱ्याला मी नाशिकरोडच्या दवाखान्यात आलो. मला हळदकुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला. एक पाकळी कीबोर्डात शिरली, ती अजून तिथेच आहे.

रुग्णाचं नाव, गाव, आजार आणि औषध लक्षात ठेवणं हे माझं काम. सगळे कौतुक करत, त्यामुळे मीही हरभऱ्याच्या झाडावर चढलो होतो. खरं तर मी नुसता सांगकाम्या. एकाने 'चहासारखी लघवी' लिहिलं आणि दुसऱ्याने 'काळपट लघवी', की माझ्या लेखी ते दोन वेगळे आजार.

मग डॉक्टर प्रतिभा आल्या. त्यांनी माझ्यात शब्दांचं झाड लावलं. एका अर्थाचे शब्द एका फांदीवर आणले आणि ती फांदी आनुवंशिक आजारांच्या माहितीशी जोडली. काहींच्या रक्तात जन्मतःच एक उणीव असते. एरवी ती कळतही नाही, पण हिवतापाची एक ठरावीक गोळी घेतली की रक्तपेशी फुटतात आणि लघवी चहासारखी होते. ही उणीव मुलाला आईकडून येते. म्हणून आईच्या भावाला असा त्रास झाला असेल, तर भाच्याच्या नावापुढे मी लाल ओळ दाखवायची.

२००४ साली चांदवडकडची लंकाबाई सहा वर्षांच्या समर्थला घेऊन आली. त्याला हिवताप होता. तिने नातेवाईक म्हणून 'मामा लहानू' सांगितलं, पण माझा नात्याचा रकाना परक्या मुलखातून आलेला. त्यात मामा, काका सगळे एकच, 'अंकल'. काकाकडून ही उणीव येत नाही. मी गप्प राहिलो.

समर्थ तोंड उघडेना. गोळी लंकाबाईच्या तळहातावर होती.

"पार मामाच्या वळणावर गेलाय," ती डॉक्टरांना म्हणाली. "त्योबी गोळी म्हटलं की पळायचा. इथंच दवाखान्यात व्हता तवा, लय पिवळा पडला व्हता."

"कोणता मामा?"

"माझा पाठचा भाऊ, लहानू. मघाशी सांगितलं की."

प्रतिभाताईंनी गोळी तिच्या हातातून काढून घेतली. माझ्यापाशी येऊन 'अंकल' पुसलं, 'आईचा भाऊ' लिहिलं. लगेच लाल ओळ उमटली. लहानूची १९९८ची नोंद माझ्याचजवळ होती. हीच गोळी, चहासारखी लघवी, मरता मरता वाचलेला. सगळं ठाऊक असून मी मुका बसलो होतो, याची मला फार लाज वाटली.

समर्थचा ताप दुसऱ्या औषधाने उतरला. पुढे तपासणीत त्याच्या रक्तात तीच उणीव निघाली.

"मामानं भाचा वाचवला म्हणायचा," लंकाबाई म्हणाली.

त्यानंतर माझ्या झाडाला मामा आणि काका अशा वेगळ्या फांद्या आल्या.

आता २००९ साल आहे. प्रतिभाताई दुसऱ्या गावी गेल्या, मी अडगळीत आलो. दारातून नव्या संगणकाचा पडदा दिसतो. त्यावर पुन्हा तोच रकाना आहे, 'अंकल'.

मित्रांनो, मला खुशाल भंगारात घाला. पण आधी माझ्यातलं झाड काढून त्या नव्यात लावा. लंकाबाईला आता धाकटा मुलगा आहे, आणि त्याचाही मामा लहानूच.